वच्छलाबाईंचं सीतादही

कापसाची ती तीन-चार वर्षं ज्यांनी डोळ्यांनी पाहिली, अशी माणसं आता अमरावतीत फार उरली नसतील. समुद्रापलीकडे कुठे तरी लढाई पेटली होती, तिकडचा कापूस अडला होता आणि आमच्या काळ्या जमिनीतला कापूस एकाएकी साऱ्या जगाला हवासा झाला होता. लोकांनी ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पेरली. बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या चढल्या. अंगणाअंगणात सरकी काढायचे रेचे दिवसभर कुरकुरायचे आणि त्यांची रुई उडून बायकांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. आम्ही एकमेकींना बघून हसायचो.

त्या वर्षी आमच्या घरात हसणं नव्हतं.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते. माहेर मोर्शीचं, सासर अमरावतीपासून गाडीच्या एका दिवसावर असलेलं लहानसं गाव. घरात सासूबाई पार्बताबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांचे दोन मुलगे, थोरले भगवंत आणि धाकटे माझे मालक. दोघंही गाड्या घेऊन सारखे अमरावतीच्या वाटेवर. आणि माझी मोठी जाऊ, वच्छलाबाई.

आषाढात मला मुलगी झाली आणि नवव्या दिवशी गेली. बारसं व्हायचं होतं, त्यामुळे तिला नाव नव्हतं. नाव नसलेल्या लेकराबद्दल आमच्याकडे कोणी बोलत नसे. रडायचीही रीत नव्हती. मी दहाव्या दिवशी उठून चुलीपाशी बसले.

त्यानंतर आठच दिवसांनी वच्छलाबाईंना मुलगा झाला. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर. आत्याबाईंनी गावभर गूळ वाटला, त्याचं नाव किसन ठेवलं. पण महिना-सव्वा महिना झाला आणि वच्छलाबाई बदलल्या. झोप गेली. आढ्याकडे बघत पडून राहायच्या. दूध आटलं. दोन्ही हात पदरात गुंडाळून मांडीखाली दाबून बसायच्या, आणि लेकरू रडायला लागलं की उठून गोठ्यात जायच्या.

एके दुपारी आत्याबाईंनी किसनला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं.

"जमुने, तुयं दूध वाया जाऊन राहिलं अन् हे पोट्टं उपाशी हाये. घे."

त्यांचं बोलणं असंच असायचं, कुऱ्हाडीसारखं. मी घेतलं. किसन अंगाला लागला आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. इतके दिवस आवळून धरलेलं सारं त्याच्या ओठांनी एकदम ओढून घेतलं. त्या दिवसापासून तो माझ्यापाशीच राहिला.

वच्छलाबाईंना बाहेरचं झालं, असं सगळे म्हणाले. भगत आला. लिंबू झाले, काळा दोरा झाला. मिरच्यांची धुरी इतकी दिली की त्यांचे डोळे सुजून मिटले. भगवंतभाऊजी गाड्या सोडून घरात आले ते नेमके त्या वेळी. ते कधी आईपुढे मान वर करून बोलत नसत. त्या दिवशी धुपाटणं उचलून त्यांनी अंगणात फेकलं.

"बस झालं, माय. तिचे डोये पाह्य."

मग त्यांनी पिशवीतून एक लुगडं काढलं. अचलपूरचं, डाळिंबी रंगाचं, रुंद काठांचं. वच्छलाबाईंच्या पायांशी ठेवलं आणि नुसतेच उभे राहिले. त्यांना आणखी काय करावं ते कळत नव्हतं. वच्छलाबाईंनी लुगड्याकडे बघितलं नाही. हात पदरातच होते.

दिवाळी झाली, बोंडं फुटायला लागली आणि सीतादह्याचा विषय निघाला.

कापसाची वेचणी सुरू करायच्या आधी वावरात जाऊन पऱ्हाटीची पूजा करतात, दहीभात शिंपडतात, ते सीतादही. आमच्या घरची रीत अशी की ते घरच्या लेकुरवाळीनं करायचं आणि लेकरू तिच्या कडेवर पाहिजे. सासरे गेल्यापासून आत्याबाईंना ते करता येत नव्हतं. घरात लेकरू नाही म्हणून सहा वर्षं भावकीतली एक बाई येऊन करून जायची, आणि दर वर्षी जाताना काही तरी टोचून जायची. या वर्षी घरात लेकरू होतं. सगळं गाव बघायला येणार होतं. आणि आई त्याला हात लावत नव्हती.

आत्याबाई मला म्हणाल्या, "सीतादह्यापर्यंत वाट पाहीन. तवाबी तिनं लेकराले घेतलं नाही, तं तिच्या भावाले दर्यापूरहून बलावतो. घेऊन जाईन तो बहिणीले."

"अन् किसन?"

"तो कुठं जाते? तुया मांडीवर राहीन."

"अन् भाऊजी?"

"दुसरी पाहू. असं घर चालते का?"

मी खाली मान घालून ज्वारी पाखडत होते. खोटं कशाला सांगू? मला आनंद झाला. वच्छलाबाई दर्यापूरला जातील, त्यांचं पुढे काय होईल, हे मनात आलंच नाही असं नाही. पण आधी आनंद झाला.

किसनला न्हाऊ घालायला सत्यभामाबुढी यायची. गावातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. पाय लांब करून त्यावर लेकरू पालथं घालायची, तेलानं चोळायची आणि तोंडानं अखंड बोलत राहायची. एक दिवस ती चोळता चोळता थांबली आणि गोठ्याच्या दाराशी उभ्या असलेल्या वच्छलाबाईंना म्हणाली, "पानी कोन देईन वं? या जमुनेचे हात तेलात हायेत. तू ये."

माझ्या हाताला तेलाचा थेंब नव्हता. मी हात पाठीमागे घेतले.

वच्छलाबाई आल्या. तांब्या घेतला, पाणी ओतलं, लांबूनच. दुसऱ्या दिवशीही आल्या. असे पाच-सहा दिवस गेले. मग एक दिवस पाणी ओतता ओतताच त्या बोलायला लागल्या. कोणी विचारलं नव्हतं.

"विहिरीवर पानी शेंदून राहिली होती. हा झोळीत होता, पाठीवर. मी खाली पाह्यलं. अन् मनात आलं, याले सोडलं तं." त्यांनी पाणी ओतायचं थांबवलं. "मी नाही म्हनलं, बुढे. कोनी आतून म्हनलं. तवापासून रोज म्हनते. हे हात माहे राह्यले नाहीत."

मी किसनला ओढून घेणार, तोच सत्यभामाबुढीनं माझा हात दाबला.

"सोडलं का तू त्याले?"

"नाई."

"मंग काय केलं?"

"झोळी पोटाशी धरली अन् धावत-पयत घरी आली. घागर तिथंच राह्यली."

"बरं. म्हंजे तुया हातांनं काय केलं? घागर सोडली अन् लेकरू घरी आनलं." बुढीनं किसनला उलटा केला आणि पाठ चोळायला लागली. "चाळीस वर्षं बायांचे बाळंतपणं करून राहिली मी. असं मनात येनाऱ्या बाया तुले वाटते तितक्या कमी नाहीत. सांगत नाहीत, इतकंच. अन् ज्या अशा भेतात ना, त्या लेकराले जास्त जपतात. टाक पानी, थंड होऊन राहिलं."

वच्छलाबाईंनी पाणी टाकलं. मग खाली बसल्या आणि रडल्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

त्या दिवशी बुढीनं आत्याबाईंना बाजूला घेऊन काय सांगितलं कोण जाणे, विहिरीचं मात्र सांगितलं नाही. पण भगताचं येणं बंद झालं. वच्छलाबाईंना माजघरात वेगळी बाज मिळाली. त्यांना झोपू द्यायचं, कोणी उठवायचं नाही. डिंक-मेथीचे लाडू पुन्हा सुरू झाले, जसं बाळंतपण आत्ताच झालं आहे.

"हे जाईन का?" मी बुढीला विचारलं.

"जाईन. पर तापावानी घाम येऊन एका दिसात नाही जात. आपल्या वावरातला चिखल कसा वायते? वरून सुकलेला दिसते अन् पाय टाकला का आत फसते. म्हनून घाई नाही करायची."

मग रोज न्हाणीपाशी थोडं थोडं सुरू झालं. बुढी किसनचा पाय पुढे करायची, "हा एवढा अंगठा चोय." वच्छलाबाई एका बोटानं चोळायच्या. मग तळवा. मग पोटरी. कधी माझा हात लेकरावर आणि त्यांचा हात माझ्या हातावर. त्यांचा हात गार असायचा, आणि थोड्या वेळानं ऊन व्हायचा. त्या हळूहळू जेवायला लागल्या. एकदा स्वतःहून रेच्यावर बसल्या आणि मागल्या हंगामातल्या दोन टोपल्या कापसाची सरकी काढून उठल्या.

तेवढ्यात ते घडलं. दोघींचे हात त्याच्यावर असताना तेलानं किसन निसटला. जमिनीपासून चार बोटांवरून, माझ्याच पायावर पडला. काही लागलं नाही. पण तो असा किंचाळला की वच्छलाबाई पांढऱ्याफटक पडल्या आणि उठून गोठ्यात गेल्या. चार दिवस बोलल्या नाहीत. न्हाणीपाशी आल्या नाहीत.

मी त्यांना बोलवायला जायला हवं होतं. चूक माझी होती; किसन माझ्या हातातून निसटला होता. मी ते त्यांना सांगायला हवं होतं. मी गेले नाही. खोलीचं दार लावून किसनला पाजत बसले. तो आता ओळखून हसायचा, आणि हसायचा तो मला बघून. मला वाटायचं, असंच राहू दे. दार लावलेलंच राहू दे.

सीतादह्याच्या आदल्या संध्याकाळी आत्याबाई ते डाळिंबी लुगडं घेऊन माझ्याकडे आल्या.

"उद्या हे नेस. लेकरू तूच कडेवर घे अन् दही तूच शिंप. वच्छलेच्या भावाले, नत्थुजीले, निरोप धाडला हाये, सकायी दमनी घेऊन येईन तो."

"लोक काय म्हनतीन?"

"लोकाले एक दिस बोलू दे. दुसऱ्या दिशी वेचाले जातीन." मग जरा थांबून, खालच्या आवाजात म्हणाल्या, "मले काय हौस हाये का वं? पर मी आज हाये, उद्या नाही. लेकराले माय पाहिजे."

लुगडं माझ्या हातात राहिलं. इतकं मऊ कापड मी कधी नेसले नव्हते.

सकाळी उठून डोक्यावरून न्हाले. लुगड्याची घडी मोडली, आणि मोडता मोडता माझे हात थांबले. भाऊजी ते घेऊन कसे उभे होते ते आठवलं म्हणा, किंवा वच्छलाबाई चार दिवस कशाची शिक्षा भोगताहेत ते आठवलं म्हणा. मी लुगडं तसंच उचललं, किसनला काखेत घेतलं आणि माजघरात गेले. त्या बाजेवर बसल्या होत्या. गाठोडं बांधून शेजारी ठेवलं होतं. त्यांनी स्वतःच बांधलं होतं.

"बाई, हे तुमचं लुगडं."

"तूच नेस, जमुने."

"त्या दिशी लेकरू माह्या हातून निसटलं. तुमच्या नाही."

त्यांनी वर बघितलं.

"मी सांगितलं नाही," मी म्हणाले. मग मला थांबवेना. "मुद्दाम नाही सांगितलं. मले हा पाहिजे, बाई. हे लुगडं मी नेसली अन् याले कडेवर घेऊन वावरात गेली, तं मंग मी तुमाले हा परत देनार नाही. कधीच नाही. म्हनून आत्ता सांगून राहिली."

वच्छलाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. इतक्या दिवसांत त्यांनी असं कोणाकडे बघितलंच नव्हतं. मला वाटलं आता थोबाडीत मारतील. तसंच व्हावं असंही वाटलं.

"खरं बोलली," त्या म्हणाल्या. "या घरात मले चार महिने कोनी खरं बोललं नाही. आन ते लुगडं."

वावरात वीस-पंचवीस बाया जमल्या होत्या. कमरेला ओट्या बांधून वेचणीला आलेल्या बाया, भावकीतल्या बाया. बांधावर नत्थुजींची दमणी उभी होती; बैल सोडले नव्हते. कोपऱ्यातल्या सर्वांत उंच पऱ्हाटीपाशी आत्याबाईंनी सात खडे मांडून हळदकुंकू वाहून घेतलं होतं सत्यभामाबुढीकडून. डाळिंबी लुगड्यातल्या वच्छलाबाई पुढे, किसनला घेऊन मी मागे, अशा आम्हाला येताना बघून आत्याबाई दह्याचं गाडगं घेऊन जागच्या जागी थांबल्या.

"लेकरू कोनाच्या कडेवर हाये?" भावकीतली बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "का यंदा रीत बदलली, पार्बताबाई?"

मी किसनला पुढे केलं. वच्छलाबाईंनी हात उचलले, अर्धे, आणि ते तिथंच राहिले. हवेत.

त्यांनी हात खाली घेतले. मग त्या बोलल्या, सावकाश, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"आत्याबाई, दही मी शिंपतो. लेकरू जमुनेपाशी राहू द्या. मले अजून भेव वाटते."

"कायचं भेव?" भावकीतली बाई म्हणाली.

"माह्या हातांचं. लेकराले माह्या हातून काही होईन, याचं."

मी जमिनीकडे बघत होते. बांधावर नत्थुजींनी बैलांचे कासरे हातात घेतले.

वेचणाऱ्या बायांत कौशल्या म्हणून एक होती, चार मुलांची आई, दणकट. ती म्हणाली, "भेव तं मले माह्या नवऱ्याचंबी लई वाटत होतं. तरी चार पोट्टे झाले."

आधी कोणी हसलं नाही. मग एकजण फिसकन हसली, आणि मग सगळ्याच. कौशल्या मात्र हसत नव्हती. ती पुढे आली, वच्छलाबाईंच्या अगदी जवळ, आणि म्हणाली, "दुसऱ्याच्या बाळंतपणात मी याच भेवानं विळा घरात ठेवू देत नोती. तीन महिने. भाजी हातानंच तोडत होती. सासू म्हने, कामचुकार हाये. कोनाले सांगावं?"

"मंग?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"मंग काय? तो पाह्य, बैलं चारून राहिला तिकडं. बापावानी ढेरी सुटली."

मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या वच्छलाबाईंकडे आणि कौशल्येकडे बघत होत्या. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मग त्यांनी दह्याचं गाडगं वच्छलाबाईंच्या पुढे धरलं.

"दही आंबून राहिलं, वच्छले. शिंप."

वच्छलाबाईंनी दह्यात हात घातला. एका पऱ्हाटीवर शिंपडलं, दुसरीवर, तिसरीवर. मी किसनला घेऊन त्यांच्या मागून चालत होते, पावलावर पाऊल. सातव्या पऱ्हाटीपाशी किसननं वाकून त्यांचा दह्यानं माखलेला हात पकडायचा प्रयत्न केला. त्या थांबल्या. बोटाचं टोक त्याच्या ओठांना लावलं. त्यानं असं आंबट तोंड केलं की बाया पुन्हा हसल्या, आणि वच्छलाबाईही, थोडंसं, हसल्या.

आत्याबाई बांधावर गेल्या. "पाव्हने, बैलं सोडा. आले तसे दोन दिस राहा."

"पर मी तं बहिणीले न्यायले आलो," नत्थुजी म्हणाले. "तुमीच निरोप धाडला."

"धाडला होता. आता वेचणीले मानूस कमी हाये. दमनीत कापूस भरा."

नत्थुजी बिचारे भले गृहस्थ. त्यांनी तीन दिवस कापूस वाहिला.

त्या दिवशी सगळं बरं झालं असं नाही. पौषात पुन्हा आठ दिवस त्या गप्प होत्या. विहिरीवर जायला त्यांना वर्ष लागलं, तेही कोणी सोबत असलं तरच. पण वाईट दिवस आला की आता त्या सांगायच्या, "आज माहं बरं नाही, जमुने," आणि मी त्यांच्या वाटचं काम ओढून घ्यायचे. आत्याबाई ऐकूनही न ऐकल्यासारखं करायच्या. त्यांच्या स्वभावात ती फार मोठी गोष्ट होती.

माघातली गोष्ट. दुपारी किसनला पाजता पाजता माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा कूस रिकामी होती. मी अंगणात धावले. अंगणात कापसाचा ढीग होता, त्याला टेकून वच्छलाबाई उन्हात बसल्या होत्या. किसन त्यांच्या मांडीवर होता, आणि त्या त्याला वाटीतून ज्वारीची पेज भरवत होत्या. आजूबाजूला कोणी नव्हतं. त्यांनी त्याला स्वतः उचलून आणलं होतं, एकटीनं.

मी दारातच उभी राहिले. हेच व्हावं म्हणून मी धडपडले होते. तरी आता ते बघवेना. मी उंबऱ्यावर बसले, आणि माझं रडणं बाहेर पडलं ते मला ओळखूसुद्धा आलं नाही. जनावर ओरडावं तसं.

वच्छलाबाई घाबरल्या नाहीत. किसनला खांद्याशी धरून माझ्यापाशी आल्या, उंबऱ्यावर बसल्या.

"हा तुयाबी हाये," त्या म्हणाल्या.

"याच्यासाठी नाही रडत."

"मले मालूम हाये कोनासाठी रडून राहिली ते."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. एका खांद्यावर किसन, एका खांद्यावर मी. त्यांनी आम्हा दोघांना बराच वेळ तसंच धरलं. मग विचारलं, जे त्या घरात, माझ्या माहेरात, माझ्या मालकांनीसुद्धा कधी विचारलं नव्हतं.

"काय नाव ठेवनार होती वं तिचं?"

मी ते नाव कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं.

"तारा," वच्छलाबाई म्हणाल्या. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं, अंगणभर ऐकू जाईल असं. चुलीपाशी आत्याबाईंची फुंकणी थांबली. आणि थोड्या वेळानं त्या आतूनच म्हणाल्या, "चांगलं हाये. माह्या आजीचं होतं."